पाळण्यातल्या बाळाची बदली मे महिन्यात नको

मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कोणी आस्थापना शाखेत, कोणी लसीकरण सत्रावर, कोणी अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षणात नोकरी करून निवृत्त झालेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. विषय एकच आहे : नवरा-बायको दोघेही नोकरीत, घरात वर्षाच्या आतले मूल आणि त्यातच बदली. बदल्या सामान्य प्रशासन विभागाच्या, पाळणाघराचा कायदा कामगार विभागाचा, लस आरोग्य विभागाची, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही पत्र आपल्याला, कारण या सगळ्यांत बाळाचा उल्लेख फक्त आपल्याच विभागाच्या पाटीवर आहे.

राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचे वर्ष मोडू नये, जूनला नव्या गावी नाव घालता यावे, हा त्यामागचा हिशोब बरोबर आहे. पण पाळण्यातले मूल शाळेत जात नाही. त्याच्यासाठी मे हा वर्षातला सगळ्यात वाईट महिना, आणि खानदेशात तर विचारूच नका. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४४-४५ अंशांवर असतो.

तारखा मांडून पाहू. बाळ २० नोव्हेंबरला जन्मले आणि आईने १८० दिवसांची प्रसूती रजा जन्माच्या दिवसापासून घेतली, तर ती १८ मे रोजी संपते. त्याच आठवड्यात बाळाचे सहा महिने भरतात, म्हणजे वरचे अन्न सुरू करायची वेळ येते. आणि त्याच पंधरवड्यात बदलीचे आदेश निघतात. रजेवरून हजर होणे, उष्टावण आणि घर हलवणे, तिन्ही एकदम. दोघांपैकी कोणाचीही बदली झाली तरी फरक पडत नाही, कारण घर एकच असते.

खासगी नोकरीतल्या आईचे गणित थोडे वेगळे, पण सोपे नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आले, ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहेत आणि त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते ८ घेतले की मागे १८ उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचे झाले की आई कामावर. निव्वळ अंगावरचे दूध सहा महिने द्या, असे आरोग्य विभागच सांगतो. मग बायका काय करतात? नवव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत एस.टी.ने ये-जा करतात आणि आधीची रजा वाचवतात. रजेच्या अर्जात हे दिसत नाही.

आता दुधाचे सांगतो, कारण फाइलवर सही करणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. आई कामावर जाताना दूध काढून ठेवते. काढलेले दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी आठलाच घरात ३० अंशांच्या वर असते. म्हणजे चार तासांचा तो नियम खानदेशात उन्हाळाभर निकामी. दूध काढल्या काढल्या फ्रिजमध्ये गेले पाहिजे किंवा बर्फाच्या गोठवलेल्या पाकिटांसह जाड थर्माकोलच्या किंवा इन्सुलेटेड डब्यात गेले पाहिजे. तसे ते २४ तासांपर्यंत चालते. द्यायच्या वेळी भांड्यातल्या कोमट पाण्यात बाटली धरायची, गॅसवर ठेवायची नाही, आणि बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांनंतर ओतून द्यायचे. ऑफिसात यासाठी कडी असलेली एक खोली, एक खुर्ची, हात धुवायला बेसिन, एक प्लग आणि लहान फ्रिजमधला एक कप्पा लागतो. बहुतेक कार्यालयांत ही जागा म्हणजे रेकॉर्ड रूमचा कोपरा नाहीतर स्वच्छतागृह. स्वच्छतागृहात आपण डबा खात नाही, तिथे बाळाचे दूध का काढायचे?

घर हलवताना दूध पहिल्यांदा हुकते. फ्रिज टेम्पोत चढला की दिवसभर बंद, नव्या घरी पोचल्यावरही त्याला काही तास उभे ठेवूनच सुरू करायचे. सामान ‘छोट्या हत्ती’त दुपारी गेले तरी बिघडत नाही, पण बाळाने सकाळी सातच्या आत निघावे किंवा दिवस मावळल्यावर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कितीही ऊन असले तरी वरचे पाणी द्यायचे नसते, त्याला जास्त वेळा पाजायचे असते. आणि पाजणारी आई त्या दिवशी नेमकी जुन्या कार्यालयात कार्यमुक्तीच्या सहीसाठी थांबलेली असते. दिवसभरात सहापेक्षा कमी दुपटी ओली झाली, लघवी गडद दिसली किंवा टाळू खोल गेली तर दवाखाना गाठायचा. नव्या गावात तो कुठे आहे, हे आदल्या दिवशीच शोधून ठेवावे लागते. भाड्याच्या घराचेही तसेच. मे महिन्यात रिकामी मिळते ती बहुधा वरच्या मजल्याची, थेट स्लॅबखालची खोली. गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारला तर आत थोडा फरक पडतो, पण बाळासाठी खालचा मजला शोधावा, भाडे थोडे जास्त पडले तरी.

मग प्रश्न येतो, अहिराणीत विचारतात तसा, “पोर कोनाजोडे ठेवशी?” सासू-सासरे शेतीमुळे गावी, माहेर सुरतेला नाहीतर बऱ्हाणपूरला. उरते पाळणाघर.

कायदा सांगतो की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात वीस-तीस माणसे, बँकेच्या तालुक्याच्या शाखेत आठ-दहा, तालुक्याच्या सरकारी कार्यालयात पंधरा. पन्नासचा आकडा गाठणारे आमच्याकडे कमी. पण अनेक आस्थापनांनी मिळून एकच सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याचे अवधान आणि नंदुरबार इथल्या औद्योगिक वसाहतींत प्रत्येकी एक गाळा यासाठी राखून ठेवला तर सुरुवात होईल.

दुसरी वाट आपल्याच हातातली आहे. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ कार्यक्रमाखालच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येते : सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्यात २६ दिवस, रोज साडेसात तास. चांगली योजना आहे. नुसत्या अंगणवाडीचा या वयाला उपयोग नाही, कारण तिथे बसतात ती तीन वर्षांपुढची मुले. त्याआधीच्या बाळांच्या वाट्याला घरी न्यायचा पाकीटबंद आहार येतो. पण साडेसात तासांचा नोकरदार जोडप्याशी मेळ बसत नाही. पावणेदहाला हजर, सव्वासहाला सुटी आणि जाण्यायेण्याचा तासभर धरला तर साडेनऊ तास होतात. शिफ्टमधल्या परिचारिकेचे नाव तर या वेळापत्रकात बसतच नाही. जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या ठिकाणी निवडक पाळणाघरे दोन पाळ्यांत, सकाळी साडेआठ ते सायंकाळी सात, चालवायला हवीत.

किती मुलांमागे किती बाया, यावर आमचे मत ठाम आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना हे चालेल. सहा-सात महिन्यांच्या बाळाला अर्धी वाटी मूग-तांदळाचे खिमट भरवायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. चार बाळांना दीड तास. दहा बाळांना एका वेळचे भरवून होईपर्यंत पहिल्याची दुसरी वेळ झालेली असते. मग घाईत पातळ पाणीदार खिमट बाटलीतून पाजले जाते, वजन अडते, आणि दोष आईच्या नोकरीवर येतो. वर्षाखालच्या चार बाळांमागे एक सेविका, यापेक्षा कमी नको.

जागेचेही एक सांगावेसे वाटते. पाळणाघर पत्र्याखाली नको, हे खानदेशात सांगावे लागू नये, पण लागते. वीज गेल्यावर काय, हे आधी ठरवायचे. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची नवी बॅटरी दोन पंखे आणि एक ट्यूब सहा तासांच्या आसपास चालवते. दुधाचा लहान फ्रिज जोडला तर चार-साडेचार तास, शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त भार ओढतो म्हणून इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. कूलर त्यावर धरूच नये. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरांत कूलरची टाकी भरायची की बाळांची दुपटी धुवायची, असा पेच पडतो. म्हणून पाण्याची वेगळी टाकी अंदाजपत्रकातच असावी.

आता पगाराचे. बदली झाली की जुन्या कार्यालयाने अंतिम वेतन प्रमाणपत्र द्यायचे, सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीतून नाव सोडायचे, नव्या कार्यालयाच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे पगार काढणाऱ्याने, ते जोडून घ्यायचे. शिक्षकांचे शालार्थमध्ये तसेच. यातले एक पाऊल अडले की महिन्याचा पगार थांबतो. नव्या घराची अनामत, टेम्पोचे भाडे आणि पाळणाघराची आगाऊ फी द्यायची असते नेमकी तेव्हाच. चूक कोणाची नसते. लिपिकाचीही त्याच यादीत बदली झालेली असते! कार्यमुक्तीच्या आदेशासोबत त्याच दिवशी प्रमाणपत्र द्यावे, एवढी एक ओळ आदेशात घातली तरी पुष्कळ होईल.

लसीचा धागा तुटतो तो नवव्या महिन्यात. जन्माच्या वेळच्या आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी आईच्या रजेत, माहेरीच उरकतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, त्याच वेळी पोलिओ व न्यूमोकोकलचे पुढचे डोस आणि जीवनसत्त्व अ. तेव्हा कुटुंब तिसऱ्याच गावात असते आणि तिथल्या परिचारिकेच्या यादीत हे बाळ नसते. पहिले बाळंतपण सुरतेला झाले असेल तर हातात लसींच्या नोंदीचे गुजरातीतले ममता कार्ड असते. नव्या गावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्ड घेऊन आशाताईंना गाठावे आणि यादीत नाव घालून घ्यावे. डोस चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे नसते, राहिले तिथून पुढे द्यायचे असते. जन्मदाखला मात्र जन्मगावचाच लागतो. त्यावर बाळाचे नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते, म्हणून बारशानंतर माहेर सोडण्याआधीच ते काम उरकलेले बरे.

पती-पत्नी एकत्रीकरणाच्या, म्हणजे दोघांना जवळ नेमण्याच्या, नियमाबद्दल थोडक्यात. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नीमधले अंतर तीस किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर प्राधान्य मिळते. जळगाव-भुसावळ पंचवीसेक किलोमीटर, म्हणून ते जोडपे ‘एकत्र’ धरले जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटातले वीस किलोमीटर आणि हमरस्त्यावरचे वीस किलोमीटर यांना एकच पट्टी लावली जाते. आणि जोडीदार खासगी नोकरीत असेल तर तो या हिशोबात नाहीच. वर्षाखालचे मूल असेल तिथे किलोमीटर न मोजता प्रवासाचा वेळ मोजावा, आणि खासगी नोकरीचे नियुक्तिपत्र व भविष्यनिर्वाह निधीचा उतारा पुरावा म्हणून घ्यावा.

वडिलांच्या रजेचेही पाहा. केंद्राच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही. राज्याची बालसंगोपन रजा उभ्या नोकरीत १८० दिवस, केंद्राची ७३०. आणि राज्यात ती पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. बायको धडधाकट आहे आणि दुसऱ्या तालुक्यात हजर झाली आहे, म्हणून बापाला रजा नाही, असा याचा अर्थ होतो.

मुख्य मागणीसाठी कायदा बदलावा लागत नाही. २००५ च्या कायद्यातच लेखी कारण नोंदवून, वरिष्ठांच्या मान्यतेने, एप्रिल-मेखेरीज इतर वेळी बदली करण्याची तरतूद आहे. कोरोनाच्या २०२० साली बदल्या जुलै-ऑगस्टवर गेल्याच होत्या, कारभार थांबला नाही. आई किंवा वडील, ज्याची बदली असेल त्याचे मूल वर्षाच्या आतले असल्यास ते विशेष कारण धरावे, आणि त्याने मागितल्यास कार्यमुक्ती दिवाळीनंतर करावी. अर्जासोबत जन्मदाखला आणि जोडीदाराच्या नोकरीचा दाखला, एवढेच दोन कागद मागावेत. बदली रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही.

शासन निर्णयाचा मसुदा दीड पानात बसेल. आमच्यातल्या काहींचे आयुष्य असे मसुदे लिहिण्यातच गेले आहे. पुढच्या एप्रिलच्या याद्या लागण्याआधी आपल्या कार्यालयाने मागितला तर आठवड्यात लिहून देऊ.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही निवृत्त कर्मचारी