पेठांतल्या बाजाराबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

पुण्याला जाताच आहात, तर पितळी पातेली कल्हईला न्या. भूमिगत मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा, म्हणजे हातात ओझं असताना आधी तांबट आळी गाठता येईल. आई, कल्हईवाल्याजवळ उभी राहून बघ. भांडं आधी राखेने घासून लख्ख व्हायला हवं. मग ते तापवून नवसागर टाकतात, कथिल फिरवतात आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे ओढतात. तेलकटपणा राहिला किंवा नवसागर कमी पडला की कथिल धरत नाही, काळे ठिपके उरतात. तेवढ्या जागी ताक-आमटी कळकते. ठिपके दिसले तर तिथेच पुन्हा करून घ्या.

पाण्याच्या तांब्याच्या हंड्याला कल्हई नको. नवा घ्यायचा तर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून केलेलं काम, पाहा. ठोके नुसते शोभेचे नसतात, ठोकून तांबं कडक होतं, पोचे कमी पडतात. ठोके एकसारखे, दाट हवेत. हंडा पाणी भरून थोडा वेळ ठेवा. जोड कच्चा असेल तर तिथे ओल येते.

बाबा, तुम्ही जुनी नावं घेता तीच घ्या. मूळची मुहियाबाद लोकांच्या तोंडी बुधवार पेठ झाली, मलकापूर रविवार. पासोड्या विठोबापाशी पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसत, म्हणून त्याचं ते नाव. तपकीर गल्लीत आता वायरी आणि इलेक्ट्रॉनिकचं सामान मिळतं, पण गल्लीने नाव सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे. मंडईची आठकोनी इमारत 1886 ची, तेव्हाचं रे मार्केट. एवढा खर्च नको म्हणून नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. नातवंडांना हे तिथे उभं राहून सांगा.

बोहरी आळीत सुतळी, कुलपं, डबे घ्या. आधी मापं लिहून न्या, झाकणाचा व्यास दोऱ्याने मोजून. तुळशीबाग शेवटी ठेवा. देवाची उपकरणी तिथेच बघा. समईचा दांडा आट्यांचा असतो, तो दुकानातच पूर्ण खोलून-लावून पाहा. आटे झिजलेले असले की समई कलते आणि तेल सांडतं. तिथून मंडईचं मेट्रो स्टेशन जवळ आहे, परत कसब्यापर्यंत चालू नका.

तुमची,
मनू