‘डिलीट’ची लिंक नको, फॉर्म हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशातल्या पतसंस्था, बाजार समित्या, कॉलेजं आपली नोंदणी वेबसाइटवर आणत आहेत, हे चांगलंच आहे. लहान बजेटच्या या साइटी सहसा पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस) यांवर उभ्या राहतात. त्यांच्या अ‍ॅडमिन पानावर प्रत्येक नोंदीसमोर ‘मंजूर’, ‘रद्द’, ‘डिलीट’ असं दिलेलं असतं आणि पुष्कळदा ती नुसती लिंक असते. धोका इथेच आहे.

समजा, रावेर-यावलच्या केळी उत्पादकांची यादी आहे. एका नोंदीसमोरची लिंक ‘डिलीट.पीएचपी?आयडी=147’ अशी आहे. ती दाबली की ब्राउझर गेट रिक्वेस्ट (त्या पत्त्यावरचं पान मागणारी विनंती) पाठवतो, सर्व्हरवरची फाइल चालते आणि नोंद उडते. पण गेट फक्त माहिती वाचण्यासाठी आहे. 1999च्या एचटीटीपी 1.1च्या मानकात (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत) हे लिहिलेलं आहे, 2022च्या आरएफसी 9110 या नव्या मानकातही तेच आहे. त्याच भरवशावर इतर सॉफ्टवेअर लिंका बिनधास्त उघडतात. 2005मध्ये गुगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं, तेव्हा लॉगिन केलेल्या लोकांच्या नोंदी आपोआप उडाल्या. ‘खरंच डिलीट करायचं?’ असं विचारणारी जावास्क्रिप्टची खिडकीही आड आली नाही, कारण ती ब्राउझरमध्ये चालते आणि अ‍ॅक्सिलरेटर थेट पत्ताच मागत होतं.

लॉगिन तपासलंय, मग काय बिघडतं, असं डेव्हलपर म्हणतात. दोन गोष्टी बिघडतात. पीएचपीत हेडरने (ब्राउझरला पाठवलेल्या सूचनेने) लॉगिन पानाकडे वळवलं आणि पुढे ‘एक्झिट’ लिहिलं नाही, तर ब्राउझर वळतो, पण सर्व्हरवर खालचा कोड शेवटपर्यंत चालतो. मग 147च्या जागी 148, 149 टाकत कुणीही यादी रिकामी करू शकतो. दुसरं, क्रोम 2020पासून बाहेरच्या साइटवरून आलेल्या पोस्टला (फॉर्मने माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टला) लॉगिनची कुकी (ओळख पटवणारी खूण) सहसा जोडत नाही, पण लिंक दाबून आलेल्या गेटला जोडतं. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेली फसवी लिंक क्लार्कने त्याच ब्राउझरमध्ये दाबली की नोंद त्याच्या नावावर उडते.

नवशिक्यांची एक चूक याहून वाईट. ‘ऑनक्लिक’मध्ये पीएचपीचं फंक्शन लिहिलं की क्लिकवर चालेल, असं त्यांना वाटतं. पीएचपी तर पान तयार होतानाच चालून जातं. म्हणजे यादी नुसती उघडली तरी प्रत्येक ओळीचं फंक्शन चालतं.

यावरचा उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. प्रत्येक ओळीत छोटा पोस्ट फॉर्म ठेवा, त्यात लपवलेला आयडी आणि टोकन (बाहेरच्याला ओळखता न येणारा गुप्त संकेत). सीएसएसने बटण हुबेहूब लिंकसारखं दिसतं. टोकन ‘रँडम_बाइट्स(32)’ने बनवून सेशनमध्ये (सर्व्हरवरच्या त्या लॉगिनच्या नोंदीत) ठेवा. सर्व्हरवर आधी रिक्वेस्ट पोस्ट आहे का ते पाहा, नसेल तर 405 (‘ही पद्धत चालत नाही’ असा कोड) देऊन थांबा. मग लॉगिन तपासा, लगेच एक्झिटसह. मग ‘हॅश_इक्वल्स’ने टोकन ताडून पाहा. मग ही नोंद त्या कर्मचाऱ्याच्या अधिकारातली आहे का, हे पाहा. नेमकी ही पायरी सर्वांत जास्त राहून जाते. क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच (आयडी क्वेरीत न जोडता वेगळा देऊन) चालवा आणि शेवटी 303ने (दुसऱ्या पानाकडे वळवणाऱ्या कोडने) यादीकडे परत पाठवा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर तीच कृती पुन्हा होत नाही. नोंद पुसण्याऐवजी ‘रद्द दिनांक’ असा कॉलम भरला तर आणखी उत्तम. शोध, पान क्रमांक, पावती पाहणं यांना मात्र लिंकच योग्य.

ईमेलने जाणाऱ्या ‘अर्ज निश्चित करा’ या लिंकेवरही कृती नको. काही मेल सेवा व्हायरस तपासायला लिंक स्वतःच उघडून पाहतात. तिथे पान उघडावं आणि बटण त्या पानावर असावं.

संस्थाचालकांना कोड वाचता येण्याची गरज नाही. साइट ताब्यात घेण्याआधी एक चाचणी नोंद करा आणि तिच्यासमोरच्या ‘डिलीट’चा पत्ता कॉपी करा. ‘डिलीट’वर राइट क्लिक केल्यावर पत्ता कॉपी होत असेल, तर ती लिंकच आहे. तो पत्ता आधी लॉगिन असलेल्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये टाका, मग दुसरी नोंद घेऊन लॉगआउट करून खासगी खिडकीत टाका. दोन्हींपैकी एकदा जरी नोंद गायब झाली, तरी दुरुस्ती होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

– एक वेब डेव्हलपर, भुसावळ