शून्य आणि रिकामा रकाना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता.

तुम्ही आमच्या अभ्यासाचा डेटा बघायला आलात, तेव्हा मी पुण्यातल्या एका रुग्णालयात क्षयरोगाच्या रुग्णांचे फॉर्म भरायचे. कागद वाचायचा, एक्सेलमध्ये टाकायचं. 'तंबाखू' या रकान्यात बऱ्याच बायकांच्या कागदांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी सरसकट शून्य टाकलं. बायका कुठे तंबाखू खातात, हा माझा हिशेब! आणि हिशेब करणारी कोण, तर आजीला रोज सकाळी मिश्री लावताना बघत वाढलेली मुलगी. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून एवढंच विचारलंत, "यातल्या किती जणींना विचारलं होतं?" मला उत्तर देता येईना.

आता बोलणी खायची, असं वाटलं. तुम्ही काढलीत चिलटांची गोष्ट. पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालतात ती, ड्रोसोफिला. त्यांच्या शृंगिकांवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवर, बारीक केस असतात, केसात एक ते चार चेतापेशी. बहुतेक पेशींत वास पकडणारं एक ठरावीक प्रथिन, म्हणजे ग्राही, आणि त्याच्या जोडीला सगळीकडे सारखाच असणारा ऑर्को नावाचा साथीदार. दोघं मिळून पेशीच्या पडद्यात एक दार करतात. वासाचा रेणू बसला की दार उघडतं, आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात आणि पेशी विजेच्या बारीक ठोक्यांनी टिकटिकायला लागते. तुम्ही कित्येक वर्षं त्या एका केसात इलेक्ट्रोड खुपसून ही टिकटिक मोजलीत.

मला लागलं ते पुढचं. वास दिला नाही तरी पेशी अधूनमधून टिकटिकतच असते. काही वासांनी ती वाढते, काहींनी पार थांबते. "थांबली, हेही उत्तरच. वास दिलाच नाही, हे वेगळं." म्हणून आधी, वास ज्यात मिसळतात त्या नुसत्या पॅराफिन तेलावरून हवेचा झोत सोडायचा, म्हणजे झोताचा परिणाम वासाच्या खात्यावर पडत नाही. २००६ साली एलिसा हॅलेम आणि जॉन कार्लसन यांनी २४ ग्राही आणि ११० वास असा तक्ता मांडला. तुम्ही मला गुणाकार करायला लावलात: २,६४० जोड्या. त्यात मंदावलेली टिकटिकही आकड्यानं नोंदलेली. जाता जाता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) ओबैद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांचंही सांगितलंत. वास न ओळखणाऱ्या माश्या ते १९७०च्या दशकातच शोधत होते. ग्राहींची जनुकं हाती लागली १९९९मध्ये.

मग दोन दिवस बसून आपण रेडकॅपमध्ये, म्हणजे संशोधनाचा डेटा भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉर्म नव्यानं बांधला. तंबाखूच्या एका प्रश्नाचे चार झाले: ओढता का, चघळता का, तपकीर घेता का, मिश्री लावता का. उत्तरं तीन: होय, नाही, विचारलं नाही. मिश्रीला 'होय' असेल तरच 'दिवसातून किती वेळा' हा प्रश्न उघडणार. खरं सांगू? तुमचा पहिला फॉर्म भयंकर लांब होता. एका बाईचा भरेपर्यंत बाहेरची रांग जिन्यापर्यंत जायची. मी भीत भीत सांगितलं, तर तुम्ही तिथल्या तिथे तीन पानं उडवलीत. माझी शून्यं मात्र उडवता आली नाहीत. रेडकॅपमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहतेच. 'विचारलं नाही'च्या आधीचं शून्य तिथे माझ्या नावासकट अजून आहे.

ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. शिरूरकडच्या एक मावशी म्हणाल्या, "तंबाखू? छे गं बाई, आमच्यात नाही चालत." मी थांबले, मग मिश्रीचं विचारलं. "ती होय, ती लावते की. सकाळी, जेवल्यावर, आणि निजताना." एका रकान्यात 'नाही', दुसऱ्यात 'होय', तीन वेळा.

हे असलं विचारायला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आमच्या मॅडमनी, त्या आधी माश्यांवर काम करायच्या. तर म्हणाल्या, "मग केळ्यांवर बसतात त्या चिलटांचं काही औषध आहे का, विचार की त्यांना."

विचारतेय.

आपली,
तंबाखूच्या रकान्यात शून्य टाकणारी