ग्रहणातले मुसळ दुसऱ्या दिवशीही उभे करून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सूर्यग्रहण आले की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत अंगणाच्या मधोमध परात मांडली जाते, तीत पाणी ओतून हळद-कुंकू वाहिले जाते आणि घरातले जुने मुसळ तीत आधाराविना उभे केले जाते. मुसळ उभे राहिले की ग्रहण लागले आणि पडले की ग्रहण सुटले, असे मानतात. अलीकडे त्याची चित्रफीत दहा मिनिटांत सगळ्या तालुक्यात फिरते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही येते. त्या छायाचित्राबद्दल मला एक विनंती करायची आहे. ती मी पूर्ण गांभीर्याने करीत आहे, विषय हसू आणणारा असला तरीही.

पहिली गोष्ट ही की, मुसळ खरोखरच उभे राहते. ते पाहणारी माणसे खोटे बोलत नाहीत, त्यांना भासही होत नाही आणि त्यांना वेड्यात काढणाऱ्यांबद्दल मला मुळीच आपुलकी वाटत नाही. मुसळाचे बूड कांडून कांडून सपाट झालेले असते, पुष्कळदा त्याला लोखंडी कडे बसवलेले असते, आणि वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली रेषा तिच्या बुडाच्या आत पडली तर ती वस्तू उभी राहते. या नियमात सूर्य नाही, चंद्रही नाही. म्हणूनच मुसळ अष्टमीलाही उभे राहते आणि मंगळवारी दुपारी चार वाजताही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षे करून दाखवत आले आहेत. गंमत अशी की, इतर दिवशी ते कोणी उभे करून पाहतच नाही. गिरण्या आणि मिक्सर आल्यापासून मुसळ माळ्यावर गेले. ते खाली उतरते ते लग्नाचा घाणा भरायला आणि ग्रहणाला. ज्या वस्तूला आपण वर्षातून एखाद्या वेळी हात लावतो, ती त्या वेळी जे करील ते त्या वेळेचेच माहात्म्य वाटणार, हे मला फार स्वाभाविक वाटते.

त्यात माणसाच्या चिकाटीचीही भर पडते. ग्रहणाच्या दिवशी परातीभोवती दहा-पंधरा माणसे असतात, कोणालाही घाई नसते. मुसळ एकदा आडवे झाले की ‘अजून स्पर्श व्हायचा आहे’ असे कोणीतरी सांगते. पुन्हा पडले की पंचांगातली वेळ मुंबईची असल्याची आठवण निघते. शेवटी एखाद्या अनुभवी काकूंचा हात लागतो, मुसळ उभे राहते आणि आधीचे सगळे पडणे सर्वांच्या मनातून पुसले जाते. मोक्षाच्या सुमारास कोणाचा तरी धक्का लागतोच. इतक्या सवलती मिळाल्या तर कोणतीही समजूत कधीही खोटी ठरणार नाही.

ग्रहणात सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन मुसळाला वर ओढतात, असे आता शास्त्रीय भाषेत सांगितले जाते. हे ऐकून मला अधिक काळजी वाटते, कारण यात विज्ञानाचे नाव आहे आणि हिशेब मात्र नाही. चंद्र-सूर्यांच्या ओढीमुळे भरती-ओहोटी होते हे खरे. परंतु ती भरती आणणारा परिणाम दोघांचा मिळूनही पृथ्वीच्या ओढीच्या एक कोटीव्या भागाच्या आसपासच भरतो. शिवाय चंद्राची कक्षा फक्त पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला चंद्र-सूर्य जवळजवळ एकाच दिशेला असतात. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती हे आपल्या कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. ग्रहणाने मुसळ उभे राहत असेल, तर ते दर अमावास्येला जवळजवळ तितक्याच जोमाने उभे राहायला हवे. असा दावा मी आजवर कोणाकडूनही ऐकलेला नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पीत असल्याची बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हाही ‘हे एरवीही घडते का?’ हाच प्रश्न विचारायचा राहिला होता. दूध मूर्तीकडे ओढले जात होते ते पृष्ठताणामुळे, आणि मग ते अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरत होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा तो ओघळ सर्वांना दिसला. चमच्याच्या काठाशी दुसरी कोणतीही वस्तू धरून पाहायला त्या दिवशी रांगेतल्या कोणाला सवडच नव्हती.

ग्रहणाच्याच बाबतीत हा प्रश्न विचारण्याचे एक उदाहरण मला अतिशय प्रिय आहे आणि ते आपल्या देशातले आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी पिएर जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूर येथे आले होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तेजस्वी ज्वाला तोवर केवळ खग्रास ग्रहणातच दिसत असत. जान्सेन यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत विभागून दाखवणाऱ्या उपकरणातून, त्या ज्वालांच्या प्रकाशातल्या रेषा पाहिल्या, त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या मनात आले, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. पुढे कित्येक दिवस ते पाहतच राहिले. ज्या गोष्टीला सगळे जग ग्रहणाची करामत समजत होते ती रोजचीच आहे, हे एका सकाळीत सिद्ध झाले. त्यासाठी जे करायला हवे होते, ते आपल्या अंगणात परात मांडणाऱ्या कोणालाही करता येण्यासारखे आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ग्रहणात उभ्या राहिलेल्या मुसळाचे छायाचित्र आपण अवश्य छापावे, पण आपल्या वार्ताहराने दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन, त्याच काकूंच्या हातून, त्याच परातीत तेच मुसळ उभे करून घ्यावे आणि ते छायाचित्र पहिल्याच्या शेजारी, तितक्याच आकारात छापावे. किती वेळा पडले आणि कितव्या खेपेस उभे राहिले, हे दोन्ही दिवशी मोजून खाली लिहावे. एवढे केले तर कोणाच्या श्रद्धेवर टीका करणारा अग्रलेख लिहिण्याची गरज राहणार नाही. शाळांनीही हा प्रयोग एखाद्या साध्या दिवशी मुलांच्या हातून करून घ्यावा. मुलांना तो फार आवडतो.

याची संधी लवकरच येत आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी, म्हणजे दिव्याच्या अमावास्येला, पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे. तो भर पावसाळा असेल, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आभाळ भरलेले असेल, सूर्य दिसणार नाही आणि मग सगळ्यांच्या नजरा मुसळाकडेच वळतील. आपल्या वार्ताहरांनी मंगळवार, ३ ऑगस्टचा दिवस आतापासून राखून ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक