तीस मीटर खोल उतरायचे की नाही, हे कार्ड ठरवत नाही

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अंदमान सहलीवरचा लेख वाचला. लेख छान आहे, फोटोही सुरेख. मात्र स्कूबाचे, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्याच्या प्रशिक्षणाचे, कार्ड जवळ असेल तर तीस मीटरवरची ठिकाणेसुद्धा चुकवू नका, असे त्यात जाता जाता सुचवले आहे. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. जरा लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला लोको पायलट. निवृत्तीनंतर भाच्याच्या आग्रहाने, डॉक्टरांचा दाखला घेऊन, स्कूबा शिकलो. आधी पहिले कार्ड, मग पुढचे. आपल्या भागाला समुद्र नाही, पण आता जळगाव-भुसावळपासून धुळे-नंदुरबारपर्यंत डायव्हिंगला जाणारी तरुण मुले-मुली बरीच दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. कुणाला घाबरवून घरी बसवावे अशी माझी इच्छा नाही.

कार्डाविषयी आधी. पहिल्या पातळीच्या कार्डावर १८ मीटरपर्यंतच उतरावे असा संकेत आहे. पुढच्या पातळीला ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. तारकर्ली-मालवणला आपण जी हौसेची डायव्ह करतो, तिला कार्ड लागत नाही. तिथे इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून असतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा तोच कमी-जास्त करतो, आपण फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. अनुभव म्हणून ती सुंदर आहे, पण 'माझ्या इतक्या डायव्ह झाल्या' या हिशेबात ती धरू नये. खरी अडचण आणखी वेगळी आहे. कार्डाला मुदत नसते. २०१८ साली शिकलेला आणि त्यानंतर पाण्यात पाय न घातलेला माणूसही तेच कार्ड दाखवतो.

रेल्वेत असे चालत नाही. एखाद्या सेक्शनवर गाडी न्यायची तर लोको पायलटला आधी 'रोड लर्निंग' करावे लागते. सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे, हे जाणकाराबरोबर फिरून बघायचे आणि मग 'मला हा रस्ता माहीत आहे' अशी स्वतःची सही करायची. तीन महिन्यांहून जास्त काळ त्या सेक्शनवर काम केले नसेल, तर रस्ता पुन्हा शिकायचा. भुसावळ-मनमाड सपाटीवर सारी नोकरी काढलेल्या माणसालाही इगतपुरीच्या पुढे कसारा घाटात, १ : ३७ च्या उतारावर, थेट गाडी घेऊन जाता येत नाही. त्याच्या नोकरीची वर्षे कुणी नाकारत नाही. फक्त ती वर्षे घाटातली नव्हती. खोल डायव्हचा विचार करताना मी हेच विचारतो. डायव्ह किती झाल्या ते राहू द्या. त्या कुठल्या पाण्यात झाल्या, आणि शेवटची कधी झाली?

खोलीने नेमके काय बदलते, हे थोडे आकडे मांडून सांगतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. फुप्फुसे भरायला हवाही तितक्याच पटीने लागते. नेहमी मिळणारे सिलिंडर साधारण ११ लिटरचे, २०० बारपर्यंत भरलेले (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब), म्हणजे हवा झाली २,२०० लिटर. शांतपणे श्वास घेणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरू. ३० मीटरवर तेच ८० लिटर होतात.

सहसा ५० बार उरले की वर यायचे असे सांगतात. उथळ पाण्यात ते ठीक आहे. तीस मीटरवर जोडीदाराची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचे झाले, तर काय? घाबरलेली दोन माणसे मिनिटाला तीस-तीस लिटर ओढतात असे धरा. गोंधळ सावरण्यात तळाशी एक मिनिट जाणार. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे सुरक्षेसाठीचा थांबा, हे धरून साधारण हजार लिटर हवा लागते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ते जवळपास ९० बार होतात. मग खाली घालवायला उरले ११० बार, म्हणजे शांत माणसालाही पंधरा मिनिटे, त्यातच खाली जाण्याचा वेळ आला. नवखा, धापा टाकणारा असेल तर दहा मिनिटे. माझी सारी नोकरी ब्रेक पाइपमधल्या हवेचा पाच किलो दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघण्यात गेली. त्या सवयीने सांगतो, मिनिटाला आपली हवा किती जाते हे ज्याला माहीत नाही, त्याने तीस मीटरची डायव्ह घेऊ नये. माहिती काढायला अवघड काही नाही. दहा-बारा मीटरवर एकाच खोलीला दहा मिनिटे राहा, आधीचा आणि नंतरचा बार वहीत लिहा, आणि गुणाकार-भागाकार करा.

हवेच्या हिशेबाखेरीज नायट्रोजनचा प्रश्न आहे. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. तळाशी राहण्याची वेळ त्यामुळे बांधलेली असते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटांची मुभा आहे, ३० मीटरला फक्त २०. ती ओलांडली तर थेट वर येता येत नाही, वाटेत ठरलेल्या खोलीवर ठरलेला वेळ थांबावे लागते. आणि त्या थांबण्यासाठी लागणारी हवा कुठून आणायची, हा प्रश्न पुन्हा वर दिलेल्या हिशेबाकडे येतो.

नायट्रोजनची दुसरी बाजू म्हणजे नशा. पुढच्या कार्डाच्या वेळी आमच्या इन्स्ट्रक्टरने पाटीवर एक साधा गुणाकार दिला होता. आधी बोटीवर, मग तळाशी. माझा भाचा हिशेब तपासण्याच्या कामात असतो, दिवसभर आकड्यांतच. बोटीवर त्याने पेन्सिल टेकवली आणि उत्तर लिहिले. तळाशी त्याने पाटी घेतली, पेन्सिल उलट धरली, सुलट केली, पहिला आकडा लिहिला आणि थांबला. मी त्याच्या मास्कसमोर होतो. डोळे स्थिर, चेहऱ्यावर कुठलीही काळजी नाही. मग त्याने उरलेला आकडा लिहिला, तोही चुकला, आणि अंगठा-तर्जनी जोडून 'सगळे ठीक' अशी खूण केली. ती खूण बघून माझ्या पोटात गोळा आला. वर आल्यावर त्याला विचारले, तर तो म्हणाला, "मामा, मला तर एकदम नॉर्मल वाटत होतं." साधारण तीस मीटरच्या आसपास हे जाणवू लागते. कुणाला आधी, कुणाला नंतर, आणि त्याच माणसाला एक दिवस होते तर एक दिवस नाही. थोडे वर आले की उतरते, मागे काही राहत नाही. मात्र त्या अवस्थेत हवेचे गेज बघायचे, वेळ लक्षात ठेवायची, जोडीदार कुठे आहे ते शोधायचे. या गोष्टी डोके न लावता आपोआप घडण्याइतक्या अंगवळणी पडल्या असतील, तरच तळाशी होतात. म्हणून खोल जाण्याची पहिली वेळ शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच असावी.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. आपली मुले विहिरीत आणि तापीत पोहायला शिकलेली. दम कोंडून तळाची माती आणणारे पट्टीचे पोहणारे गावोगाव आहेत. त्यांना वाटते, मला पाण्याची भीतीच नाही, मी कितीही खोल जाईन. पण विहिरीत अंगी बाणलेली सवय म्हणजे दम धरायचा आणि घाबरलो की पाय मारून सरळ वर यायचे. तिथे ते बरोबरच आहे, कारण छातीतली हवा वरून घेतलेली असते. सिलिंडरची हवा मात्र खाली, दाबाखाली घेतलेली असते. दहा मीटरवरून दम कोंडून पृष्ठभागावर आलो तर छातीतली हवा दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुस फाटू शकते. दहा मीटरच काय, त्याहून कमी खोलीतही हा धोका आहे. त्यामुळे चांगल्या पोहणाऱ्याने 'घाबरलो तर मी काय करतो' हे आधी उथळ पाण्यात तपासावे. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्या आणि ते बाहेर काढताना शरीर वर धावते का बघा. धावत असेल तर अजून वेळ आहे. दोरी न धरता पाच मीटरवर तीन मिनिटे एका जागी तरंगता येते का, हेही बघा. खोल पाण्यात अंगावरचा डायव्हिंगचा सूट दाबला जातो, तरंगण्याचा जोर कमी होतो, आणि ज्याला पाच मीटरवर स्थिर राहता येत नाही तो तीस मीटरवर नकळत खाली जात राहतो.

मागच्या खेपेला अंदमानातल्या हॅवलॉक बेटाजवळ आमच्या बोटीवर जे झाले, ते आवर्जून सांगतो. खडकाचा माथाच अठरा मीटरवर, आणि त्या दिवशी पाण्याला ओढ होती. नांगराच्या दोरीला धरून उतरायचे होते. दोरी तिरकी ताणली गेली होती आणि तिच्याभोवती पाणी फेसाळत होते. माझ्या भाचेसुनेकडे पहिले कार्ड. तिची आधीची डायव्ह दोन वर्षांपूर्वीची, मालवणची. डायव्ह सेंटरचा माणूस म्हणाला, काही होत नाही, मी हात धरतो. तिने दोरीकडे पाहिले, गेजकडे पाहिले आणि मला म्हणाली, "मी नही येस, मामा." म्हणजे, मी येत नाही. बोटीवर कुणीतरी म्हणाले, एवढे पैसे भरलेत. ती काही बोलली नाही, जॅकेटचा पट्टा सोडला आणि बसली. तिचा तो निर्णय मला बोटीवरच्या सगळ्यांच्या डायव्हपेक्षा जास्त अनुभवी माणसाचा वाटला. दुसऱ्या दिवशी तिने बारा मीटरवर छान पाऊण तास काढला.

हात धरणारा गाईड सोबत आहे, म्हणून खोल जायचे, हे कारण मला पटत नाही. तो तुमच्या वतीने श्वास घेऊ शकत नाही. त्याच्याकडे आणखी तिघे-चौघे असतात, आणि ओढीत एकाचा मास्क निघाला तर त्याला एकाकडेच जावे लागते. 'गाईड नसता तर मी माझ्या जोडीदाराला घेऊन वर आलो असतो का?' याचे उत्तर मनात 'हो' येत असेल तरच उतरावे.

पैशांचे ओझे मी समजू शकतो. आपल्याला नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम), मग बोट. सुट्टी मोजकी, खर्च मोठा. इतक्या लांब आल्यावर 'नाही' म्हणणे मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा आपल्याला जड जाते. शिवाय दोन रात्रींची अपुरी झोप, बोट लागू नये म्हणून घेतलेली गोळी, कमी प्यायलेले पाणी. खोल डायव्ह पहिल्याच दिवशी ठेवू नये, आधी एक-दोन उथळ डायव्हमध्ये शरीर आणि सामान दोन्ही तपासावे. प्रकृतीच्या छापील प्रश्नावलीत रक्तदाब, दमा, मधुमेह यांच्यासमोर खरे तेच लिहावे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून परतीचे विमान एका डायव्हनंतर किमान १२ तासांनी, रोज डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तासांनी असावे. मालवणहून गाडीने परतणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की आंबोलीचा घाट जवळपास सातशे मीटर उंच आहे. खोल डायव्ह करून त्याच दुपारी घाट चढू नये.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण अंदमानपुरते नाही. आपल्याच किनाऱ्यापुढे, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. तिथल्या प्रवाळांचा माथाच सुमारे २० मीटरवर, म्हणजे पहिल्या कार्डाची हद्द जिथे संपते त्याच्याही खाली. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना जाहीर झालेली आहे. उद्या आपल्या जिल्ह्यांतूनही अशा ठिकाणांच्या सहली निघतील, आणि निघाव्यातच.

म्हणून आपल्याला विनंती, पुढच्या वेळी अशा ठिकाणांविषयी छापताना खोली, पाण्याची ओढ आणि लागणारे कार्ड एवढे तरी सोबत द्यावे. आणि खान्देशातल्या सहल आयोजकांना कळकळीची विनंती. पत्रकात 'स्कूबा समाविष्ट' एवढेच लिहू नका. किती मीटर, कुठल्या पातळीसाठी, गटामागे किती गाईड, हे लिहा. नाव नोंदवतानाच शेवटची डायव्ह कधी झाली ते विचारा. आणि बोटीवर ऐनवेळी कुणी 'मी येत नाही' म्हणाले, तर त्याला त्याच पैशांत उथळ डायव्ह मिळेल, हे आधीच लेखी द्या.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
भुसावळ