मोटार, कजानी आणि किल्ली

एस्पो, फिनलंड, १४ जानेवारी

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अण्णा सहज बोलून गेले, की विहिरीवरची मोटार दोनदा रात्री आपोआप चालू झाली. तेवढ्यात आईने विचारलं, "तू सांगतोस ते मोठं मशीन तुझ्या खोलीतच असतं का?" मग रेंज गेली आणि दोन्ही राहून गेलं. म्हणून लिहितोय. ताईने सगळं वाचून दाखवावं, मधलं गाळू नये.

आई, ते मशीन मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तो एक महासंगणक, म्हणजे प्रचंड ताकदीचा कंप्युटर. त्याचं नाव लुमी, म्हणजे फिनिश भाषेत बर्फ. इथून साडेपाचशेएक किलोमीटर उत्तरेला कजानी नावाचं गाव आहे, तिथल्या कागद कारखान्यात ते बसवलंय. कारखाना २००८ साली बंद पडला होता. मशीन तापतं ती उष्णताही फुकट घालवत नाहीत, गावातली घरं गरम ठेवायला वापरतात. माझ्यासमोर असतो तो साधा लॅपटॉप. त्यावर एक ओळ टाइप करून मी कजानीला जोडला जातो, आणि पुढे जे टाइप करीन ते इथे न घडता तिथे घडतं. अण्णा अंथरुणातून मोटारीला फोन लावतात ना, तसंच. मोटारीला चालू आणि बंद एवढंच कळतं, याला बरंच कळतं.

पण जोडला गेलो की लगेच काम सुरू, असं नाही. आधी पोचतो ते फाटकावर. तिथे जड काम करायला बंदी आहे. कारखान्याच्या गेटवर कुणी ऊस गाळतं का? आपण चिठ्ठी लावायची: अमुक काम आहे, इतकी जागा लागेल, इतके तास लागतील. मग नंबर लागेल तेव्हा गाळप. अण्णांनी ट्रॅक्टरवर दोन-दोन रात्री काढल्यात, त्यांना हे कुणी शिकवायला नको. मला निदान थंडीत कुडकुडावं लागत नाही. चिठ्ठी लावून झोपतो.

आता मुद्द्याचं. त्या फाटकावर मला पासवर्ड चालत नाही, किल्ली लागते. म्हणजे लॅपटॉपवर एक जोडी बनवायची. त्यातला एक भाग कुलपासारखा, तो कजानीला देऊन ठेवायचा, कुणी पाहिला तरी बिघडत नाही. दुसरा भाग खरी किल्ली, ती लॅपटॉपच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. मी आलो की ते एक कोडं घालतात, जे फक्त किल्ली असलेल्यालाच सुटतं. किल्ली न दाखवताच ती माझ्याकडे आहे हे सिद्ध होतं. मला अजूनही याची गंमत वाटते.

ही पद्धत ज्या एसएसएच नावाच्या प्रोग्रॅममधून आली, तो मी शिकतो त्याच आवारात जन्मला. १९९५ साली इथल्या विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी लपून लोकांचे पासवर्ड टिपत होतं. तोवर लांबच्या कंप्युटरवर जायचं ते टेलनेटने, आणि त्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जायचा. वाटेत कुणीही वाचावा. ते पाहून तातू इलोनेन या इथल्याच संशोधकाने सगळं बोलणं कुलूपबंद करून नेणारा प्रोग्रॅम लिहिला. आज जगभर त्याच रीतीचे प्रोग्रॅम वापरतात.

माझीही एकदा फजिती झाली. रेल्वेतून जाताना चिठ्ठी न लावता फाटकावरच एक हलकं काम लावलं, जंगलात नेट गेलं आणि चार तासांचं काम वाऱ्यावर. मी तुटलो तसं तेही मेलं. आता तिथेच एक खोली उघडून काम तिच्यात ठेवतो. मी गेलो तरी खोली चालू राहते, परत आलो की तशीच सापडते.

तर मोटार. आमच्या गटातला एक मुलगा नोव्हेंबरमध्ये नोकरीला गेला. त्याचा निरोपाचा केक कापला, त्याच दुपारी त्याचं कुलूप यादीतून काढलं. भांडण काही नव्हतं, रीतच तशी. आपल्या ऑटोत, म्हणजे फोन आला की मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीत, किती नंबर नोंदवलेत? अण्णांचा, दादाचा, बसवून गेलेल्या वायरमनचा, आणि मला आठवतंय, आधीच्या वाटेकऱ्याचाही. त्याने आता दुसरीकडे रान केलंय. त्याच्या फोनमध्ये दोन "मोटार" असणार, आणि रात्रीची थ्री फेज आली की झोपेत तो चुकीची लावत असणार. माझा हा अंदाज. त्याच्यावर आळ घेऊ नका, आधी फोन करून विचारा.

तो आणि वायरमन, दोघांचे नंबर काढून टाका. पेटीसोबत आलेल्या कागदावर पद्धत असते; कागद देवघराच्या फडताळात, विजेच्या बिलांखाली असेल. अनोळखी नंबरवरून लावून पाहिलं तरी मोटार उचलत असेल, तर ते ऑटोच बदलायला हवं. आणि पेटी उघडण्याआधी मेन स्विच पाडा. मागच्या वेळेसारखं नको.

इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. आई, कानटोपी घालतो, रोज विचारू नकोस.

तुमचा,
बाळू