सपाटीवरचा चढ

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, इथे सगळं सपाट. एक टेकडी नाही की काही नाही, धावायला मजाच येत नाही." वेताळ टेकडीवर धावायला शिकलेली पोर असं म्हणणारच. पण मी तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हा तू कामावर गेलीस की मी बेल्जियममधल्या तुझ्या ब्रुज शहराबाहेरच्या कालव्यांवर भटकत असायचो. नीरा डाव्या कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! तेव्हा बघून ठेवलेलं सांगतो. फोनवर तू पुरतं बोलू देत नाहीस.

पहिली गोष्ट वाऱ्याची. त्या मुलखात चढाचं काम वारा करतो. समुद्र जवळ, मध्ये अडवायला काही नाही आणि बहुतेक दिवस वारा नैऋत्येकडून येतो. दामे गावाकडे जाणारा कालवा ब्रुजहून ईशान्येकडे निघतो. म्हणजे जाताना वारा पाठीवर. पाय असे पडतात की आपणच आपल्याला शाबासकी द्यावी. दामेच्या चौकात पोचून तोंड फिरवलं की मग कळतं खरं. तिथली पोरं सायकलवर मान खाली घालून परतताना बघितली आहेस ना? म्हणून अशा दिवशी जाताना जोर लावू नकोस, निम्म्याहून जास्त दम परतीसाठी ठेव. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी उलट, आधी कष्ट आणि मग आराम. निघण्याआधी हवामान बघतेस तेव्हा पावसाआधी वाऱ्याची दिशा बघ. नाहीच बघितलीस तर झाडं बघ. उघड्या माळावरचे पॉपलर एका बाजूला कललेले असतात, त्यांना विचारायला मोबाइल लागत नाही.

आणि सपाटीवर धावणं सोपं असतं असंही नाही. टेकडीवर चढताना एक स्नायू दमतो, उतरताना त्याला सुटी मिळते. इथे पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत तेच स्नायू, तीच चाल. पोटऱ्या धरल्या तर नवल मानू नकोस.

आता कालवा. शहराच्या ईशान्य टोकाला, दाम्पोर्टपाशी, तो सुरू होतो. तिथून दामे साधारण सहा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. आपले पाटाचे कालवे पाणी वाहतं राहावं म्हणून उतार सांभाळत, टेकड्यांच्या कडेकडेने वळत जातात. हा बोटींचा कालवा. पाणी उभं, उतार कशाला हवा? म्हणून पट्टीने रेघ ओढावी तसा सरळ. दोन्ही काठांवर पॉपलर, पलीकडे पोल्डरची, म्हणजे बांध घालून पाण्यातून सोडवलेल्या सखल जमिनीची कुरणं, गाई, छाटून छाटून बुंध्याची मूठ झालेले विलो. उन्हाळ्यात चाकाची एक बोट पर्यटकांना घेऊन दामेला जाते. बेताने पळालीस तरी तिच्या पुढे राहशील.

हा कालवा नेपोलियनने काढला. समुद्रात इंग्रजांचं आरमार, म्हणून सैन्य आणि माल आतल्या आत शेल्ड नदीच्या मुखापर्यंत नेता यावा हा हिशेब. 1810 च्या सुमारास हुकूम निघाला, खोदकामाला स्पॅनिश युद्धकैदी लावले. पुढे नेपोलियनच पडला आणि काम अर्ध्यावर राहिलं. शेवटी कालवा पोचला तो जेमतेम सीमेपलीकडच्या स्लाउसपर्यंत, पंधरा किलोमीटर. आपल्याकडेही सरकार बदललं की कालव्याच्या चाऱ्या अर्धवट राहतात, त्यात विशेष काही नाही. पण यांच्या अर्धवट कामावर आज अख्खं गाव धावतं, हे मला आवडलं.

दामेत थांबून दोन मिनिटं आजूबाजूला बघ. गावाभोवती पूर्वी सात टोकांच्या चांदणीसारखी तटबंदी होती आणि कालवा थेट तिच्या पोटातून काढला आहे. खंदकाचे तुकडे अजून दिसतात, त्यांच्या काठाने मातीची पायवाट आहे. गुडघ्यांना डांबरापेक्षा ती बरी. हे इवलंसं गाव एके काळी ब्रुजचं बंदर होतं! झ्विन नावाची खाडी इथवर यायची, जहाजं इथे माल उतरवायची. मग खाडी गाळाने भरत गेली. आधी दामेचं बंदर बसलं, पुढे ब्रुजचा व्यापार अँटवर्पकडे गेला. आमच्या खात्यात गाळ म्हटला की साहेब लोक दुसरा विषय काढायचे. त्यांना एकदा इथे आणायला हवं होतं.

दामेच्या थोडं पुढे माझी सगळ्यात आवडती जागा. तिथे आणखी दोन कालवे शेजारी शेजारी आडवे येतात. एक लिओपोल्ड कालवा. बेल्जियम हॉलंडपासून वेगळा झाल्यावर तिकडून पाण्याचा निचरा होईना, म्हणून 1840 च्या दशकात खणायला घेतलेला. दुसरा लीस नदीचं पाणी समुद्राकडे नेणारा. त्या नदीत जवस भिजत घालायचे, त्याचा वास इतका यायचा की लोकांनी या कालव्याचं नावच घाणेरा ठेवलं. या दोघांचं पाणी नेपोलियनच्या कालव्याखालून सायफनने, म्हणजे खालून पार जाणाऱ्या बंद नळाने, नेलं होतं. 1940 च्या लढाईत तो सायफन उडवला गेला आणि वरच्या कालव्याचे दोन तुकडे झाले. आपल्या नाल्यांखालचे सायफन मी आयुष्यभर साफ करून घेतले. तिथे मी इतका वेळ उभा होतो की शेजारच्या खाणावळीतला माणूस बाहेर येऊन बघून गेला. त्या खाणावळीचंही नाव सायफनच, आणि ती ईल माशासाठी प्रसिद्ध. तू खाऊन बघ, मला जमलं नाही.

कामाच्या दिवशी एवढा वेळ नसतो हे मान्य. तेव्हा शहराच्या जुन्या तटाची फेरी घे, सात किलोमीटरच्या आसपास होते. वाटेत वेशी लागतात आणि पूर्वेच्या बाजूला, क्रूसपोर्टजवळ, पवनचक्क्या. त्यातली एक 1770 ची, अजून दळते. चक्क्या मातीच्या उंचवट्यांवर आहेत. टेकडीची फारच आठवण आली तर त्यांवर वर-खाली कर, लोक काय म्हणतील ते म्हणोत. गेंटकडे जाणाऱ्या कालव्याचा काठही चांगला आहे. तिथे अजून मालाचे मोठे बार्ज जातात आणि वारा बहुधा कडेने लागतो. मला मात्र दामेपुढे तो फिका वाटला.

दोन सूचना आहेत, वैतागू नकोस. काठाला कठडे नाहीत आणि डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा चमकणारं जाकीट घातल्याशिवाय बाहेर पडू नकोस. दुसरं, सायकलवाल्यांची टोळी मागून आली की ते वेग कमी करत नाहीत. दोन्ही कानांत गाणी लावून पळू नकोस, एक कान मोकळा ठेव.

मार्चमध्ये दिवस मोठा झाला की एकदा स्लाउसपर्यंत जा. एका देशातून धावत दुसऱ्या देशात, तेही पासपोर्टला शिक्का न लागता. परतीच्या बसचं आदल्या दिवशी बघून ठेव, जाताना-येताना दोन्ही वेळा पळायचा हट्ट करू नकोस. आई विचारते आहे की धावायचे बूट तिकडेच घेतेस की येणाऱ्या कुणाबरोबर पाठवू. आणि सायफनपाशी गेलीस तर दोन्ही कालव्यांच्या पाण्याची पातळी दिसेल असा एक फोटो काढून पाठव. मी काढलेल्या फोटोत नेमका माझा अंगठा आला आहे.

तुझे
बाबा